गावाचं नाव कुठल्या नकाशावर घालायचं?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीचं नाव मोबाइलच्या नेहमीच्या नकाशावर चुकलंय. दुरुस्ती दोनदा पाठवली, उत्तर नाही. वाहतूक बघायला, दुकान शोधायला तो नकाशा उत्तमच. पण माहिती कंपनीची, आपण नुसतं सुचवायचं.

ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा मात्र २००४ पासून लोकच घडवतायत. खातं काढलं, ब्राउझरमध्येच वाडीच्या ठिपक्यावर क्लिक केलं. एकाच ठिपक्याला ‘नेम:एमआर’ (name:mr) या रकान्यात मराठी आणि ‘नेम:केएन’ (name:kn) या रकान्यात कन्नड नाव देता येतं. सीमाभागात याचं मोल काय सांगू! पाट्यांवरच्या भाषेवरून लहानपणापासून भांडणं ऐकलीत. इथे दोन्ही नावं शेजारी नांदतात.

खरी गंमत पुढे आहे. ओव्हरपास टर्बो या, ओपनस्ट्रीटमॅपमधली माहिती शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर चार ओळींची क्वेरी (शोधाची आज्ञा) लिहून मराठी नाव नसलेली आसपासची गावं शोधली आणि यादी घेऊन आजीपाशी बसलो. ‘अरे, हा ओढा कुठं घातलास?’ म्हणत तिने पाणंदी, गावदेवीचं देऊळ, सगळं सांगितलं. मी भरत गेलो. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिलं की शाळेलाही हा नकाशा छापता येतो, परवाना तसाच आहे.

दुकानं मात्र यावर अजून विरळ. बेळगावात पत्ता शोधायला मी पहिलाच उघडतो, गावासाठी दुसरा.