पुराच्या रात्रीसाठी आणि तंबूसाठी बॅटरीचा कंदील: कोल्हापूरच्या बाजारातल्या चार जातींची पारख

बॅटरीवरचा कंदील वर्षातले दहा-अकरा महिने फडताळात पडून असतो, आणि ज्या रात्री लागतो त्या रात्री तो पेटायलाच हवा. म्हणून पहिला प्रश्न तो किती लख्ख पेटतो हा नाही. न वापरता पडून राहिल्यावर त्याचं काय होतं, हा आहे. शाहूपुरीत किंवा राजारामपुरीत काउंटरवर पेटवून दाखवलेला प्रत्येक कंदील चांगलाच दिसतो. फरक कळतो तो पुढच्या जुलैत.

कोल्हापुरात हा फरक महागात पडतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी धोका पातळीच्या खूप वर गेलं आणि चिखली-आंबेवाडीपासून खाली शिरोळ तालुक्यापर्यंत गावंच्या गावं पाण्यात राहिली. पाणी रोहित्रांपर्यंत आलं की महावितरणला वीज बंद करावीच लागते, आणि पाणी ओसरून तपासणी होईपर्यंत ती परत येत नाही. ‘घरात इन्व्हर्टर आहे की’ म्हणणाऱ्यांनी तो कुठं ठेवलाय ते आधी बघावं. बहुतेक घरांत तो तळमजल्यावर जिन्याखाली असतो, आणि पाणी पहिलं तिथंच शिरतं.

आधी उजेडाचा हिशेब करू. एका खोलीत स्वयंपाक, जेवण, आवराआवर करायला १०० लुमेन (उजेड मोजायचं माप) पुरतात. सगळे झोपल्यावर जिना आणि न्हाणीघर दिसण्यापुरते ३० खूप झाले. संध्याकाळी ७ ते १० पूर्ण उजेड म्हणजे ३०० लुमेन-तास, पुढं सकाळी ६ पर्यंत मंद उजेड म्हणजे २४०. एका रात्रीचे झाले ५४०, तीन रात्रींचे १६२०. चांगली एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देते आणि आतल्या सर्किटमध्ये पंधरा-वीस टक्के वाया जातात. म्हणजे तीन रात्रींसाठी बॅटरी हवी साधारण २० वॅट-तासांची (बॅटरीत मावणारी वीज वॅट-तासांत मोजतात). लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टनं भागून हजारानं गुणलं की ५४०० एमएएच (सेलवर छापलेला क्षमतेचा आकडा) येतात, म्हणजे खरेखुरे २६०० एमएएचचे दोन सेल.

हाच हिशेब खोक्यावरच्या दाव्याला लावून बघा. ‘१००० लुमेन, २० तास’ म्हणजे २०,००० लुमेन-तास. त्यासाठी दोनशेच्या वर वॅट-तास लागतील आणि नुसते सेलच किलोभराचे होतील. हातातला कंदील पाव किलोचा असेल तर दोन्हीपैकी एक आकडा खोटा आहे, किंवा २० तास हे सगळ्यात मंद उजेडाचे आहेत. नावाजलेल्या कंपन्यासुद्धा चालण्याचा वेळ मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा धरतात. तशी मोजायची पद्धतच आहे, त्यात फसवणूक नाही. पण घेणाऱ्याला हे माहीत हवं. वॅट-तासाचा आकडा मात्र लपत नाही: एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १०००. खोक्यावर एमएएचच लिहिलेले नसतील तर तो कंदील परत ठेवा.

आता जाती. सगळ्यात जुनी म्हणजे ४ किंवा ६ व्होल्टच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीची पेटी, जिला दुकानात नुसतं ‘इमर्जन्सी लाइट’ म्हणतात. स्वस्त, जड, उजेड भरपूर. आणि पडून राहायला सगळ्यात वाईट. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला तीन ते पाच टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उतरलेल्या अवस्थेत राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुढच्या चार्जिंगला निघत नाहीत. दर तीन महिन्यांनी चार्ज केलीच पाहिजे. मग लोक ती वर्षभर प्लगलाच लावून ठेवतात. तेही चालत नाही, कारण स्वस्त पेटीत चार्जिंग पूर्ण झाल्यावर तोडणारं सर्किट नसतं, बॅटरी जास्त चार्ज होऊन आतून सुकते. दुकानातल्या मालालाही हेच लागू. खोक्यावर तयार झाल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं. सहा-आठ महिन्यांपूर्वीची पेटी घेऊ नका, ती तिथंच अर्धी गेलेली असू शकते. दर महिन्याला नेमानं बघणारं कुणी घरात असेल तरच ही जात घ्यावी.

दुसरी, वर ओढला की पेटणारा आणि दाबला की बंद होणारा ‘सोलर’ कंदील. यात्रेत, रस्त्याकडेला, ऑनलाइन, सगळीकडे दिसतो. डोक्यावरची सोलर पट्टी ६ सेंटिमीटर लांब-रुंद धरली तर भर उन्हात ती जेमतेम अर्धा-पाऊण वॅट देते. चार तास कडक ऊन मिळालं तर हाती दोन-अडीच वॅट-तास, त्यातले काही चार्जिंगमध्ये जातात. आणि ज्या आठवड्यात कंदील लागतो त्या आठवड्यात कोल्हापुरात ऊन नसतंच. पावसाळी ढगांत हे उत्पन्न पाचवा-दहावा हिस्सा उरतं. म्हणून सोलर पट्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

याच जातीत एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. ज्या कंदिलाच्या बुडाला प्लगच्या पिना असतात आणि तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लागतो, त्यातल्या पुष्कळ स्वस्त मालात ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर लावून २३० व्होल्ट उतरवलेले असतात, म्हणजे आतलं सर्किट मेन्सपासून वेगळं केलेलंच नसतं. त्यालाच यूएसबीचं सॉकेट असेल तर चार्जिंग चालू असताना त्या धातूला हात लावणं म्हणजे मेन्सच्या तारेला हात लावल्यासारखं. ओल्या फरशीवर उभं राहून तर नकोच. पिनांचा कंदील घरात असेलच तर चार्जिंगला लावून लांब राहा, प्लग काढूनच हातात घ्या, आणि त्यावरून फोन चार्ज करायचा तर कंदील भिंतीपासून सुटा असतानाच करा.

तिसरी जात सुट्या सेलवर चालणारी. पेन्सिल सेलचा किंवा मोठ्या सेलचा कंदील अनेकांना जुनाट वाटतो. पुरासाठी आम्हाला मात्र तो फार मोलाचा वाटतो, कारण त्याला चार्जिंगच लागत नाही. मोठा अल्कलाइन सेल १२,००० एमएएचच्या पुढं भरतो. तीन सेलांचे मिळून चाळीसेक वॅट-तास होतात. वरच्या हिशेबानं सहा रात्री. अल्कलाइन सेल खोक्यात सात-दहा वर्षं टिकतो. पण दुकानात ‘मोठा सेल’ मागितला की बहुधा झिंक-कार्बनचा साधा सेल हातात येतो. तो भरतोही निम्माच आणि वाईट म्हणजे गळतो. पाकिटावर ‘अल्कलाइन’ लिहिलेलं वाचूनच घ्या.

सेल गळण्याचं कारण ठरलेलं आहे. नवे-जुने सेल मिसळले की जुना आधी संपतो, बाकीचे त्याच्यातून उलटा करंट ढकलतात, आत वायू साठून सील फुटतं. म्हणून सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच पाकिटातले. आणि कंदील ठेवताना सेल बाहेर काढून, कंदिलाच्याच पिशवीत सुटे ठेवायचे. अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर पांढरी खपली धरली तर लिंबाच्या रसात कापूस बुडवून पुसा, मग ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. खपलीला उघडा हात नको.

चौथी जात लिथियमची, आणि आज मुख्य कंदील म्हणून हीच घ्यावी. पडून राहिली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. तीनशे ते पाचशे वेळा सहज भरते. त्यातला लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकार मिळाला तर दोन हजारच्या घरात. हजार-दीड हजारात चांगला कंदील मिळतो. घ्यायचा तो असा, की बुडाचं झाकण चार स्क्रूंनी उघडतं आणि आत १८६५० मापाचा गोल सेल दिसतो. चपट्या पाकिटासारखी बॅटरी चिकटवून टाकलेला कंदील चार वर्षांनी भंगारात जातो. गोल सेलवाल्याचा सेल बदलून मिळतो.

सेल बदलताना मात्र डोळे उघडे ठेवा. १८६५० मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. त्यावर ‘९९००’ छापलेलं असेल तर तो खोटा. वजनाचाही पुरावा आहे: खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढं भरतो, खोटा तिशीतच. सोबत भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बघा. तो ‘आर’ या रोमन अक्षरानं सुरू होतो आणि लिथियम सेलसाठी मानक आहे आयएस १६०४६.

दुकानात पाच मिनिटांत एवढं तपासता येतं. कंदील सगळ्यात मंद उजेडावर ठेवून फोनचा कॅमेरा त्यावर धरा. पडद्यावर काळे जाड पट्टे सरकताना दिसले तर उजेड लुकलुकतोय, वाचताना डोळे दुखतील. मंद उजेडच नसेल, नुसतं चालू-बंद असेल, तर पुरासाठी तो बाद. खोक्यातल्या केबलऐवजी दोन्ही टोकांना सी-पिन असलेल्या केबलनं चार्जिंग होतं का बघा. बऱ्याच कंदिलांना सी-पिनचं सॉकेट असतं, पण चार्जरला ओळख पटवणारे दोन लहान रेझिस्टर आत वाचवलेले असतात. मग फोनच्या नव्या चार्जरवर कंदील मेल्यासारखा पडून राहतो आणि जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलनंच चालतो. तसा निघाला तर नाकारायची गरज नाही, ती जुनी केबल कंदिलाच्या कडीला बांधून ठेवा. रंग पिवळसर घ्या, ३००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास. पांढऱ्याफेक उजेडावर पावसाळी किडे जास्त येतात. पाण्याबद्दल खोक्यावर आयपीएक्सचा आकडा असतो: आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे चालतात, बुडवलेलं नाही. मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला आयपीएक्स ७ हवं. गॅलरीत टांगायला ४ पुरे, नावेतून किंवा ट्रॅक्टरमधून घर सोडायची वेळ येऊ शकते त्यांनी ७ घ्यावं. वॉरंटी विचारताना बॅटरीची वेगळी विचारा; ती बहुधा सहाच महिन्यांची असते.

कंदिलावरून फोन चार्ज करायची सोय चांगली, पण तिची किंमत ओळखा. ५००० एमएएचचा फोन म्हणजे १९ वॅट-तास. आपला २० वॅट-तासांचा भरलेला कंदील एक फोन जेमतेम पाऊण भरेल आणि स्वतः विझेल. फोनसाठी वेगळी पॉवर बँक ठेवा.

तंबूसाठी गरज वेगळी आणि सोपी आहे. मसाई पठारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला एका रात्रीच्या मुक्कामाला २० वॅट-तास नकोत. एका सेलचा, दीड-दोनशे ग्रॅमचा, वर हुक आणि दुधी काच असलेला कंदील पुरतो. तीन मोठे सेल एकटेच चारशे ग्रॅमच्या वर जातात, ते पाठीवर घेऊ नयेत. जुलैत पन्हाळा ते विशाळगड चालणाऱ्यांनी कंदिलाच्या भरवशावर राहू नये. चिखलाच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे लागतात, तिथं डोक्यावरची बॅटरीच हवी. मुक्कामाला पोचल्यावर तीच बॅटरी पाण्याच्या पांढऱ्या कॅनवर आतल्या बाजूनं तोंड करून बांधली तर सगळा कॅन उजळतो, कंदिलाचं काम होतं.

घरात मिळून दोन असावेत असं आमचं ठाम मत आहे: एक लिथियमचा, एक सुट्या सेलचा. लिथियमचा ठेवताना पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या थोडा वर ठेवा. पूर्ण भरलेला सेल उन्हाळ्यात लवकर म्हातारा होतो. मृग लागायच्या आधी, मेअखेरीस, पूर्ण भरा आणि एक रात्र मंद उजेडावर चालवून बघा. सकाळपर्यंत टिकला तर पुन्हा भरून ठेवा. निम्म्या रात्रीतच विझला तर सेल बदलायला अजून आठवडा हातात असतो. काही कंदिलांत बटण दाबायचं नाजूक असतं, त्यामागचं सर्किट बंद असतानाही थोडा थोडा करंट खात राहतं आणि सहा महिन्यांत सेल तळाला नेतं. तुमचा तसा असेल तर सेलच्या टोकाशी जाड कागदाची पट्टी सरकवून ठेवा. सेल दोन-अडीच व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन् महिने पडला तर तो नंतर चार्ज झाल्यासारखा वाटला तरी भरवशाचा राहत नाही. फुगलेला तर ताबडतोब बाहेर काढा, आणि घंटागाडीत टाकू नका, दाबला गेला की पेट घेतो.

कंदील पुराच्या पाण्यात बुडालाच, तर लिथियमचा वाळवून पुन्हा चार्जिंगला लावायचा मोह टाळा. गाळ सर्किटवर बसलेला असतो, आतून शॉर्ट झाला तर आग लागते. सेल निघत असेल तर काढून उघड्यावर, लाकूड-कापडापासून लांब ठेवा. सुट्या सेलचा कंदील मात्र वाचतो: सेल फेकून द्या, कंदील स्वच्छ पाण्यानं धुवा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाऱ्यावर वाळवा, स्प्रिंगा घासा आणि नवे सेल घाला.