एआरपी-स्कॅन (नेटवर्कवरची यंत्रं शोधणारा प्रोग्राम): काही महिने वापरल्यावर, आणि त्या ‘अननोन’चा वैताग

लाईट गेली, आली, राउटर रीस्टार्ट झाला आणि डीव्हीआरने (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) नवा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, घेतला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला कॅमेरे दिसेनात. कॅमेरेवाल्याची व्हिजिट ४०० रुपये. येतो, लॅपटॉपवर एक यादी काढतो, एक आकडा बदलतो, चहा पिऊन जातो. पुढच्या वेळी फोनवरच विचारलं, आयपी शोधायचा कसा? “साहेब, ते सॉफ्टवेअर आमच्याकडेच असतं.” इथे माझं डोकं फिरलं.

राउटरच्या पानावर बघा म्हणाल, तर नेटवाला त्याचा पासवर्ड देत नाही. शिवाय स्वतःचा आयपी धरून बसलेली यंत्रं डीएचसीपीच्या (राउटर आपोआप आयपी वाटतो ती सोय) यादीत येतीलच असं नाही.

आधी फोनवरची ॲप्स पाहिली. आयपी मिळतात, पण अँड्रॉइड १० पासून ॲपला सिस्टीमचा एआरपी तक्ता (कोणत्या आयपीमागे कोणता मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर नंबर, ज्यावरून कंपनी कळते) वाचता येत नाही, त्यामुळे कोणत्या कंपनीचं यंत्र हे बहुतेक वेळा अंदाजानेच. वर जाहिराती. मग अडगळीतल्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलं आणि एआरपी-स्कॅन घेतलं. फुकट. सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून ‘डॅश एल’ दिलं की २५६ आकड्यांचं अख्खं घरगुती नेटवर्क दोन-तीन सेकंदांत समोर.

वेगापेक्षा मला भावलं ते वेगळंच. साध्या पिंगला विंडोजचं फायरवॉल बऱ्याचदा उत्तरच देत नाही. एआरपीला, म्हणजे ‘हा आयपी कुणाचा, तुझा मॅक सांग’ या प्रश्नाला, मात्र उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर त्या यंत्राला कुणी पॅकेट पोचवणार कसं? त्यामुळे डीव्हीआर, प्रिंटर, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, सगळे हजर. एस्प्रेसिफ नाव दिसलं तेव्हा दचकलो. तो निघाला गीझरचा स्मार्ट प्लग, आत त्यांचीच चिप.

आता तक्रार. यादीत काही ओळींपुढे नुसतं ‘अननोन’. एखाद्या अनोळखी माणसाने दुकानात येऊन बसावं आणि नाव विचारलं तर हसावं, तसं. हे प्रकरण मी मागे लावून घेतलं, घरच्यांना कंटाळा येईपर्यंत. यात दोन जाती आहेत. एक म्हणजे प्रोग्रामसोबत आलेली कंपन्यांची यादी जुनी असते. ‘गेट-ओयूआय’ चालवून ती ताजी केली की काही ओळींना नावं येतात. दुसरी ‘लोकली ॲडमिनिस्टर्ड’. हे आपलेच फोन. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक ॲड्रेस न देता बनावट देतात. मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर समजा बनावट. वायफाय फुकट्या शेजारी पकडायला हे घेत असाल, तर घरातलेच फोन आधी संशयित ठरतील.

सुरुवातीला याला पाच तारे देणार होतो. मग लक्षात आलं, स्क्रीन बंद असलेला फोन कधी यादीत असतो, कधी नसतो. झोपेत तो उत्तर चुकवतो, आणि हा प्रोग्राम मुळात दोनदाच विचारतो. ‘रीट्राय’ (किती वेळा विचारायचं) ५ केल्यावर बरंच सुधारलं, पण वेळ वाढला. तारे चार. गेस्ट वायफायवरचं काही दिसणार नाही, ते नेटवर्कच वेगळं. त्याचा दोष याला देत नाही.

विंडोजवाल्यांनी याच्या मागे लागू नये. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं तर ते सहसा स्वतःचं आभासी नेटवर्क शोधत बसतं. त्यांनी एनमॅप हा असाच दुसरा प्रोग्राम घ्यावा: ‘डॅश एसएन’ लावायचं, आणि सोबत ‘डॅश एन’ नक्की, नाहीतर सापडलेल्या प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला (नाव-पत्ता सांगणारी सेवा) विचारण्यात वेळ जातो. स्थानिक नेटवर्कवर तोही एआरपीच वापरतो.

डीव्हीआर सापडल्यावर त्याच्या मेनूत डीएचसीपी बंद केलं आणि राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा आयपी कायमचा दिला. पट्टा कोणता, ते नेटवाल्याने फोनवर सांगितलं. पासवर्ड अजून देत नाही. कॅमेरेवाल्याचा एएमसीसाठी (वार्षिक देखभाल करार) फोन येतो. नको म्हणून सांगतो.