मायक्रोस्पाइक्स, दोन सीझननंतर: रबर तुटलं ते तुटलंच, पण खरा वैताग आवाजाचा

मायक्रोस्पाइक्स म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून बुटावर ताणून चढवायचं रबर, त्याला खाली साखळ्या आणि छोटे खिळे. गेल्या नोव्हेंबरात, रायफलने शिकारीच्या तिसऱ्या सीझनला, कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांवरून एल्कचा, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाचा, मागचा फरा पाठीवर घेऊन उतरत होतो आणि डाव्या पायातल्या स्पाइकचं रबर फाटलं. करंगळीजवळ साखळीची कडी रबरात अडकवलेली असते ना, बरोब्बर तिथे. आदल्या रात्री हेडलॅम्पच्या उजेडात तिथे नखाएवढी चीर दिसली होती, म्हटलं उद्याचा दिवस काढेल. नाही काढला. पाठीवर ३० किलो, घोट्याच्या वर बर्फ, खाली दगड आणि साखळी बुटाच्या बाजूला लोंबतीये. तिथेच बसलो, पॅराकॉर्डने, म्हणजे बारीक मजबूत दोरीने, साखळी बुटाला करकचून बांधली आणि उरलेला दीड तास तसाच उतरलो.

घरी येऊन कंपनीला फोटोसकट मेल टाकला. नाव लिहीत नाही. वॉरंटी दोन वर्षांची, माझे झाले होते १४ महिने. उत्तर काय, तर दगडावर वापरल्याने झीज झालीय, ती वॉरंटीत बसत नाही. अहो, खोक्यावर शिकाऱ्याचा फोटो छापता, मग बिनदगडाचा डोंगर आम्ही आणायचा कुठून? सहा मेल झाले, शेवटी म्हणाले नवी जोडी निम्म्या किमतीत देतो. मी नको म्हटलं. ७० डॉलर आधीच दिलेत, म्हणजे सहा हजार रुपये झाले, त्याच चुकीसाठी परत पैसे द्यायला माझा जीव होत नाही. फाटलेल्या जागेच्या सेंटीमीटरभर आत नवं भोक पाडलं, ताडपत्रीला असते तशी पितळी रिंग ठोकली, कडी त्यात अडकवली. खर्च चार डॉलर. जानेवारीपासून ती जोडी धड चालतीये.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. आवाज नाही सहन होत.

मऊ बर्फात काही नाही. पण फ्लॅट टॉप्सचा माथा आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांचा, काळा बेसॉल्ट, कड्यांखाली तसाच सुट्या दगडांचा घसारा. वर बर्फ पसरलेला, त्यामुळे कुठला पाय बर्फात आणि कुठला दगडावर पडणार ते टेकवल्याशिवाय कळत नाही. दगडावर पडला की छण्ण. पैंजण घातल्यासारखं. इथला व्हाइट रिव्हरचा एल्कचा कळप कोलोरॅडोतला सगळ्यात मोठा, तरी आम्हाला चार दिवस पायपीट करून एक टोळी दिसली, अ‍ॅस्पेनच्या झाडीत, २०० यार्डांवर, वारा आमच्या तोंडावर. सगळं जुळून आलेलं. मी एक पाय पुढे टाकला, छण्ण. पुढच्या मादीने मान वर केली, दोन्ही कान माझ्याकडे, कुत्र्यासारखं एकदा भुंकली आणि अर्ध्या मिनिटात तिथे एकही जनावर नव्हतं. एल्क स्वतः काही गुपचूप चालत नाहीत, खुरं दगडावर आपटतात, फांद्या मोडतात, त्यामुळे नुसती पावलं एकवेळ खपून जातात. लोखंडाचा आवाज नाही खपत.

आधी इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली, अर्ध्या दिवसात चिंध्या. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बाजूच्या साखळ्यांवर चढवले, त्याने साधारण निम्मा आवाज गेला. खिळे दगडावर वाजतात त्याला माझ्याकडे इलाज नाही. म्हणून आता जनावर दिसलं की स्पाइक काढायचे, लोकरी मोज्यात गुंडाळून बॅगेत, आणि मग पुढे. उणे १५ मध्ये हातमोजे काढून कडक झालेलं रबर ओढणं म्हणजे बोटं बधिर होणारच, पण दुसरा मार्ग नाही.

आता एक कबूल करतो, कारण हे लिहायला बसलो तेव्हा "घेऊ नका" असंच लिहिणार होतो. त्या दिवशी डाव्या पायाला दोरी आणि उजव्याला धड स्पाइक होता. दोरी शंभर पावलांत सैल व्हायची आणि डावा पाय प्रत्येक वेळी टाचेपासून सरकायचा. उजवा टाकला की घट्ट, जागचा हलायचा नाही. तो दीड तास मी उजव्या पायाच्या भरवशावर उतरलो. एल्कचं मांस डोंगरावर सोडून यायला कायद्याने बंदी आहे आणि मला तसं सोडवलंही नसतं, दोघांत मिळून तीन खेपा झाल्या. उरलेल्या दोन खेपांना जोडीदाराने त्याचा जादा डावा स्पाइक दिला, तेव्हा जिवात जीव आला.

आणि साइझ. माझा बूट ९ नंबरचा, खोक्यावरचा तक्ता बघून एम घेतला. पण थंडीचा ८०० ग्रॅम इन्सुलेशनचा बूट बाहेरून बराच जाड असतो, त्यावर एम इतका ताणला जायचा की अंगठा बधिर व्हायचा. रबर फाटण्यात त्याचाही हात असणार, हे मला मेलांच्या भांडणानंतर सुचलं. जाड बूट असेल तर सरळ एल घ्या.

तिरप्या उतारावर ट्रॅव्हर्स मारताना, म्हणजे आडवं चालताना, साखळी एका बाजूला सरकते, खिळे तळव्याखालून कडेला येतात. पावलावरून आडवा वेल्क्रोचा पट्टा घेतला की बरंच कमी होतं. जोडीदाराचे दहा दातांचे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे, लांब दातांचे धातूचे सांगाडे) टणक बर्फात फारच छान, पण घसाऱ्यात त्यावर तोल राहत नाही, मी घालून पाहिले.

यंदा एल साइझची जोडी घेणार, दुसऱ्या कंपनीची, एप्रिलच्या सेलमध्ये. ट्यूब मात्र पहिल्याच दिवशी चढवणार. कुणी करणार असाल तर तुकडा साखळीपेक्षा बोटभर आखूड कापा, नाहीतर चालता चालता खिळ्यांवर येतो आणि मग खिळा बर्फात शिरतच नाही.