पोर्तो रिकोचे बाँड 'एकदम सेफ' म्हणून गळ्यात मारले, न्यू जर्सीवाल्यांनो सावध राहा

मुद्दाम लिहितोय, कारण ज्याने मला हे बाँड विकले तोच सल्लागार परत आपल्या मराठी लोकांना फोन करतोय असं कळलं. नाव लिहीत नाही.

फेब्रुवारी 2014. पोर्तो रिको म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, राज्य नाही. त्याचं रेटिंग नुकतंच जंकमध्ये (कर्ज बुडण्याचा धोका जास्त, असा दर्जा) गेलेलं, भाव पडलेले. हा म्हणाला, काका हीच वेळ आहे, 60,000 डॉलरचे बाँड 42,600 ला मिळतायत, व्याज 5 टक्के, फेडरल, स्टेट, लोकल कुठलाच टॅक्स नाही, आणि डेट्रॉइट शहरासारखं दिवाळं काढायला यांना कायद्यानेच बंदी आहे. वर 2012 च्या तिथल्या जनमतात 61 टक्के लोकांना अमेरिकेचं राज्य व्हायचंय, एकदा 51वं राज्य झालं की वॉशिंग्टन बुडू देईल का?

इथेच खटकायला हवं होतं, अजून आठवलं की डोकं फिरतं. टॅक्समाफी कशामुळे, तर ते राज्य नाही म्हणून. सेफ कशामुळे, तर राज्य होणार म्हणून! आणि ते 61 टक्के चार लाखांवर कोऱ्या मतपत्रिका बाजूला ठेवून काढलेले, हे मला कोण सांगणार होतं? मी नोकरी करणारा माणूस, पैसे मुलीच्या कॉलेजचे, त्याने तिथल्या घटनेतलं कलम दाखवलं की या कर्जाची फेड सगळ्यात आधी, आणि ते कलम खरंच आहे. दिवाळं काढता येत नाही हेही खरं होतं, 1984 पासून. पण त्याचा अर्थ असा की पैसे संपले तर ठरलेला रस्ताच नाही, काँग्रेस (अमेरिकेची संसद) ऐनवेळी कायदा करणार. 2016 ला केलाच, प्रोमेसा, म्हणजे पोर्तो रिकोचं कर्ज कोर्टामार्फत कमी करायचा कायदा.

व्याजाचे 6,000 आले, 1 जुलै 2016 पासून बंद. सरकारचं कर्ज 70 अब्जांवर, मग 2017 ला कोर्टात केस, मग मारिया वादळ. त्या डिसेंबरात 14,400 ला विकले. 22,200 डॉलर गेले.

तक्रार केली तर कंपनी म्हणते 'जास्त जोखीम चालेल' या चौकटीत तुमची टिक आहे. ती टिक त्याने केलेली!! कोरे फॉर्म सही करून देऊ नका, कितीही ओळखीचा असो. न्यू जर्सी राज्याचं ऑफिस म्हणतं फेडरलकडे जा, फेडरलवाले राज्याकडे पाठवतात, फोनवर तासन्‌तास म्युझिक, शेवटी छापील पत्र की नोंद घेतली आहे. खासदाराच्या ऑफिसातून उत्तर, हा पोर्तो रिकोचा विषय. अरे पण त्यांना तरी कुठे कोण विचारतं, 1917 पासून नागरिक आहेत, राष्ट्राध्यक्षाला मत नाही, काँग्रेसमध्ये एकच प्रतिनिधी आणि त्यालाही कायद्यावर शेवटचं मत देता येत नाही. तिथल्या पेन्शनरांचेही पैसे याच बाँडमध्ये गेले, माझा राग त्यांच्यावर अजिबात नाही, राज्याचा दर्जा त्यांना मिळायलाच हवा.

लवादाकडे जायला सहा वर्षांची मुदत असते, पत्रांची वाट बघत ती घालवू नका. आणि आता 2024 च्या जनमतात परत राज्याला 58 टक्क्यांवर मतं पडलीत, तो आकडा घेऊन तो येईलच. जनमताने राज्य होत नाही, काँग्रेसने ठरवावं लागतं. तिथल्या वीज कंपनीची 2017 ची कर्जाची केस वर्षानुवर्षं रखडली, तिचे बाँड 'स्वस्तात' म्हणाला तर सरळ फोन ठेवा.