गणवेश उतरल्यावर: वर्गात उभं राहायचं की अभ्यासक्रम रचायचा?

सैन्यात इन्स्ट्रक्टर राहिलेला माणूस निवृत्त झाला की त्याला बहुतेक जण एकच वाट दाखवतात: ट्रेनर व्हा. आवाज आहे, शिस्त आहे, माणसांसमोर उभं राहायची सवय आहे. सल्ला बरोबर असला तरी अर्धवट आहे. सैन्यातला इन्स्ट्रक्टर एकाच वेळी दोन कामं सांभाळत असतो. तो वर्गात शिकवतो आणि त्याआधी लेसन प्लॅन लिहितो, साहित्य जमवतो, चाचणी ठरवतो. नागरी कंपन्यांत या दोन कामांची बहुधा दोन वेगळी पदं असतात: ट्रेनर आणि इन्स्ट्रक्शनल डिझायनर. दुसऱ्या पदाचं नावही अनेक माजी सैनिकांनी ऐकलेलं नसतं, म्हणून निवड करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघावीत.

इन्स्ट्रक्शनल डिझाइन हे क्षेत्र तुम्हाला परकं नाही, त्याचा बराचसा पाया लष्करानेच घातलाय. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या पाच टप्प्यांची ‘ॲडी’ पद्धत आज जगभरच्या कंपन्या वापरतात. ती 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकन सैन्यासाठी आखली गेली. शिकण्याच्या पायऱ्या मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गान्ये दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीसाठी चाचण्या बनवत होते. ई-लर्निंगचा कोर्स एका प्रणालीतून दुसरीत नेता यावा म्हणून आलेलं ‘स्कॉर्म’ हे मानकही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या उपक्रमातून निघालं.

दिवसभराचं काम

ट्रेनरचं काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. समोर गट असतो, वेळ ठरलेली असते, चेहरे बघून वेग कमी-जास्त करायचा असतो. चुकलं तर तिथल्या तिथे सुधारता येतं. डिझायनरला ही सोय नसते. शिकणारा कधी, कुठे, कोणत्या मनःस्थितीत कोर्स उघडेल हे त्याला माहीत नसतं. अडखळण्याच्या जागा त्याला आधीच ओळखून ठेवाव्या लागतात.

कारखान्यातल्या यंत्राच्या दुरुस्तीचं उदाहरण घ्या. दुरुस्तीपूर्वी वीज तोडून तिथे कुलूप आणि टॅग लावायचा असतो. कंपनीकडून डिझायनरला उद्दिष्ट मिळतं, ‘कामगारांना सुरक्षिततेचं महत्त्व समजावं.’ या वाक्याची परीक्षा घेता येत नाही. तुम्ही सैन्यात कृती, परिस्थिती आणि निकष अशा तीन भागांत उद्दिष्ट लिहिलं असेल, तर ते असं बदलाल: ‘चालू यंत्रासमोर, टप्प्यांची यादी हातात न घेता, कामगार सर्व ऊर्जास्रोत बंद करेल, स्वतःचं कुलूप लावेल आणि यंत्र सुरू होत नाही याची खात्री करून दाखवेल, एकही टप्पा सुटता कामा नये.’ उद्दिष्ट असं लिहिलं की चाचणी कशी असावी, सराव कशाचा करून घ्यावा आणि माहितीच्या वीस स्लाइडपैकी कोणत्या गाळाव्यात हे सगळं आपोआप ठरत जातं. ही सवय नागरी क्षेत्रात दुर्मिळ आहे. माजी सैनिकाची खरी किंमत इथे आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ती केवळ खणखणीत आवाजावर मोजली जाते याचं वाईट वाटतं.

काय मोडावं लागतं

ट्रेनर होणाऱ्याला हुकमी स्वर सोडावा लागतो. समोरचे लोक ‘हे का करायचं?’ असं विचारणार, आणि ‘असंच करतात’ या उत्तरावर वर्ग हातातून जाणार.

डिझायनरला यापेक्षा खोल सवयी मोडाव्या लागतात. सैन्यात शांततेच्या काळात प्रशिक्षण हेच मुख्य काम असतं. कंपनीत ते उत्पादनाच्या वेळेतून उसनं घेतलेलं असतं. तुम्ही दोन दिवस मागाल आणि चाळीस मिनिटं मिळतील. ज्याच्याकडून मजकूर घ्यायचा तो विषयतज्ज्ञ तुमच्या हाताखालचा नसतो, त्याच्या मागे लागावं लागतं आणि तेही गोडीने. तुमचा मसुदा तीन-तीन जण तपासतात आणि त्यांच्या सूचना एकमेकींना छेद देतात. कधी कधी तर चांगल्या डिझायनरला ‘इथे प्रशिक्षणाची गरजच नाही’ असं सांगावं लागतं. माणसाला काम येतंय, पण हत्यार खराब आहे किंवा फॉर्मच गोंधळाचा आहे, तर दहा कोर्सनी काही बदलणार नाही. चुकलं की पुन्हा सराव, ही शिकवण अंगात मुरलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

मोजमाप

प्रशिक्षण मोजण्यासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेले चार स्तर आजही वापरात आहेत: प्रतिक्रिया, शिकणं, कामातलं वर्तन आणि परिणाम. ट्रेनरचं भवितव्य बहुधा पहिल्या स्तरावर, म्हणजे शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायावर ठरतं. डिझायनरला तिसऱ्या-चौथ्या स्तराचा विचार सुरुवातीपासून करता येतो. पण त्याचं श्रेय क्वचितच त्याच्या नावावर जमा होतं. टाळ्या ट्रेनरला मिळतात. याचा सल राहणार असेल तर ते आत्ताच ओळखलेलं बरं.

शिरकाव कसा होतो

ट्रेनरच्या पदावर लवकर शिरता येतं. डेमो सेशन चांगलं झालं की काम मिळू शकतं. डिझायनरला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचे नमुने, दाखवावे लागतात आणि माजी सैनिकांची गाडी इथेच अडते, कारण जुने लेसन प्लॅन गोपनीय असतात. ते बाहेर दाखवू नका, नावं पुसूनही नाही. त्याऐवजी प्रथमोपचार किंवा गोदामातली मालमोजणी असा साधा विषय घ्या आणि विश्लेषण, उद्दिष्टं, स्टोरीबोर्ड (कोणत्या स्क्रीनवर काय दिसेल याचा आराखडा), चाचणी असा एक छोटा कोर्स नव्याने रचा. स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेटसारखी ई-लर्निंग कोर्स बनवायची सॉफ्टवेअर साधनं नंतर शिकता येतात. त्यांच्यापासून सुरुवात करणाऱ्यांचे कोर्स चकचकीत आणि पोकळ होतात.

मग कोणी काय घ्यावं?

निवृत्तीनंतर माणसांची वर्दळ हवीशी वाटत असेल, प्रवासाचा कंटाळा नसेल, तर ट्रेनर व्हा. बदल्यांनी जीव थकला असेल, एका जागी बसून तासन्‌तास एकट्याने विचार करणं जमत असेल, तर डिझाइन घ्या. स्फोट आणि इंजिनांच्या आवाजाने कान अधू झालेल्यांनाही माझा सल्ला डिझाइनचाच आहे. भरल्या वर्गात मागच्या रांगेतला प्रश्न ऐकू न येणं रोजचं झालं की उमेद खचते.

दोन्हीकडे ओढा असेल तर आधी ट्रेनर व्हा, पण दुसऱ्याने बनवलेला कोर्स वर्षानुवर्षं तसाच वाचून दाखवू नका. लोक कुठे अडतात ते प्रत्येक वर्गानंतर लिहून ठेवा, तो भाग बदला आणि बदलाचा परिणाम बघा. डिझाइनच्या मुलाखतीत दाखवायला ही वही फार उपयोगी पडेल.

अजून ठरत नसेल तर तुम्हाला पाठ असलेला एखादा बिगर-लष्करी विषय घ्या. तो एकदा पाच जणांना स्वतः शिकवा. मग असा लिहून काढा की अनोळखी माणूस तुम्हाला एकही फोन न करता तो शिकवू शकेल. यातलं कोणतं काम संपल्यावर लगेच पुन्हा करावंसं वाटतं ते बघा, आणि अर्ज त्याच पदासाठी करा.