घरघंटी: कोंड्यासकट पीठ, आवाजासकट मशीन

ह्यांची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी कोंडा टाकू नका म्हणून सांगितलं. गल्लीतला गिरणीवाला ज्वारीवर गहू, गव्हावर हरभरा दळतो, कुणाचं पीठ कुणात जातं देव जाणे. म्हणून दिवाळीत एक एचपीची घरघंटी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी चांगलं. दळण किती बारीक ते जाळीवर ठरतं. चपातीला मी मधली जाळी लावते आणि पीठ अजिबात चाळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू आहेत, मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. फरक सगळा टरफलाचा, तेच आपण चाळणीत ठेवून गाईला घालत होतो! कणीक मात्र जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. कोंडा पाणी पितो, नाहीतर चपाती कडेला चिरते. पहिले आठ दिवस ह्यांनी तोंड वाकडं केलं, आता मऊ चपाती आली की विचारतात, "आज चाळलंस का?"

जाड जाळीवर जवाचा रवाही छान निघतो.

आता तक्रार. आवाज इतका की दुपारी शेजारच्या काकू दार वाजवतात. बाजरी दमट असली की जाळी बुजते. ती बदलायला कंपनीचा माणूस तीनदा "उद्या येतो" म्हणाला, शेवटी मीच स्क्रू काढले.

पाचपैकी साडेतीन.