मांडवी खाडीतील कांदळवन फेरी, वेंगुर्ले

वेंगुर्ल्याच्या बंदरालगत समुद्राला मिळणारी मांडवी खाडी गोव्यातल्या मांडवी नदीच्या मानाने फारच लहान आहे आणि नावाच्या सारखेपणामुळे अनेकांची गल्लत होते. या खाडीतील कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या खारफुटीचे जंगल, पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून दाखवण्याचे काम स्वामिनी महिला बचत गट 2017 पासून करतो. राज्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने हा उपक्रम सुरू झाला. होडी वल्हवणाऱ्या आणि झाडांची माहिती सांगणाऱ्या स्त्रिया याच किनाऱ्यावरच्या, मासळीच्या व्यवसायात वाढलेल्या आहेत. कोकणात पाण्यावरचे खेळ म्हटले की इंजिनाचा आवाज आणि आरडाओरडा गृहीतच धरला जातो. ज्यांना त्यापासून दूर, शांतपणे खाडी पाहायची आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मी मनापासून सुचवतो.

या फेरीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, हे आम्हाला प्रत्यक्ष गेल्यावर उमगले. आम्ही उतरलो होतो त्या निवासाच्या चालकांनी सकाळी आठची वेळ सांगितली होती. पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती आणि आतल्या अरुंद फाट्यांत चिखलाखेरीज काही नव्हते. गटातील एका ताईंनी अकरानंतर या, तोपर्यंत पाणी भरेल, असे शांतपणे समजावले. कोकणातले जुने लोक तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या दिवशी तृतीया होती, तिनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास. मुंबईला हा हिशेब बराचसा जुळतो आणि दक्षिण कोकणात भरती त्याच्या थोडी आधी येते. हे आदल्या रात्री ध्यानात आले असते तर सकाळची धावपळ वाचली असती.

तरीही ते तीन तास वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण ओहोटीची खाडी हे स्वतंत्र प्रेक्षणीय दृश्य आहे. चिखलावर निवट्या पुढच्या परांवर रेटा देत सरपटत होत्या आणि सावली पडताच टुणकन उडी मारून डबक्यात जात होत्या. बोटभर लांबीचा हा मासा पाण्याबाहेर इतका वेळ राहू शकतो, हे पुस्तकात वाचणे आणि दोन हातांवरून पाहणे यांत पुष्कळ अंतर आहे. शेजारीच एक नांगी अंगाच्या मानाने फार मोठी असलेले इवलेसे नर खेकडे ती नांगी वरखाली हलवीत बिळाच्या तोंडाशी उभे होते. तिवर या खारफुटीच्या झाडांभोवती चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढी शेकडो श्वसनमुळे याच वेळी पूर्ण दिसतात. भरतीला ती पाण्याखाली जातात.

अकरानंतर होडी निघाली. जीवरक्षक जॅकेट घातल्यावर बंदराकडचा आवाज हळूहळू मागे पडला आणि मग वल्ह्यावरून निथळणाऱ्या पाण्याचाच काय तो आवाज उरला. माझ्या मते हीच या सेवेची खरी किंमत आहे. इंजिनाची होडी असती तर फांदीवर बसलेला खंड्या आम्ही जवळ जाण्याआधीच उडाला असता. इथे तो आमच्यापासून जेमतेम चार-पाच हातांवर बसून पाण्याकडे टक लावून पाहत होता. एकदा त्याने सूर मारला, रिकाम्या चोचीने परतला आणि पुन्हा त्याच फांदीवर बसला. वर ब्राह्मणी घारी घिरट्या घालत होत्या आणि कडेच्या उथळ पाण्यात वंचक हे छोटे बगळे उभे होते.

झाडांची ओळख करून देण्याची ताईंची पद्धत मला विशेष भावली. त्यांनी तिवराचे एक पान उलटे करून त्याला जीभ लावायला सांगितली. पान चक्क खारट लागले, कारण हे झाड मुळांवाटे आत आलेले जास्तीचे मीठ पानांतून बाहेर टाकते. कांदळाच्या फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा या खरे तर झाडावरच रुजलेली रोपे असतात. ती गळून सरळ चिखलात रुततात किंवा पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतात. हुऱ्याच्या झाडाजवळून जाताना मी सहज हात पुढे केला, तेव्हा ताई पटकन म्हणाल्या, “तेका हात लावू नकात, चीक डोळ्यात गेलो तर लय त्रास होतलो.” पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित करण्यात आले आणि असा वृक्ष ठरवणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य आहे. या चिप्पीची पांढऱ्या पुंकेसरांची फुले रात्री उमलतात आणि सकाळी झडून जातात. आम्हाला पाण्यावर तरंगणारे पुंकेसर तेवढे दिसले, फूल मात्र पाहता आले नाही.

काही गोष्टी खटकल्याही. आतल्या फाट्यांत मुळांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या अडकलेल्या होत्या. भरतीबरोबर आत आलेला कचरा मुळांच्या जाळीत अडकला की सहसा बाहेर पडत नाही, आणि त्याचा भार या स्त्रियांवर टाकणे योग्य नव्हे. तो टाकणाऱ्यांनीच थांबवायला हवा. दुपारची वेळ मिळाल्यामुळे ऊन डोक्यावर होते, पक्षी कमी दिसले आणि छायाचित्रांना प्रकाशही कडक पडला. हा दोष सेवेचा नाही, आमच्या तिथीचा होता.

म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे की शक्य असल्यास एकादशी ते त्रयोदशी या तिथी निवडाव्यात, मग तो शुक्ल पक्ष असो की कृष्ण. त्या दिवसांत भरती साधारणपणे सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते आणि पाणी भरत असतानाच आत जाता येते. पावसाळा टाळावा. आदल्या दिवशी गटाशी बोलून दर आणि वेळ पक्की करावी, आणि वेळेच्या बाबतीत निवासाच्या चालकापेक्षा त्यांचेच ऐकावे. कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानकावर उतरून वेंगुर्ल्याला रस्त्याने जाता येते. मळकट रंगाचे कपडे आणि टोपी घालावी, दुर्बीण असल्यास जरूर न्यावी. आणि हातात वेळ असेल, तर होडीआधी किंवा नंतर ओहोटीचा तासभर किनाऱ्यावर नुसते बसून निवट्या पाहाव्यात.